दाखला गेला, लग्न नाही

सप्टेंबर 2025 च्या पुरात धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा आणि भूम तालुक्यांत पाणी थेट घरात शिरलं. काही माणसं तर हेलिकॉप्टरने बाहेर काढावी लागली. पिकांचं, जनावरांचं, पडक्या भिंतींचं बोलणं झालं. पत्र्याच्या पेटीत लगदा झालेल्या कागदांकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

त्यात लग्नाचा दाखलाही असतो. तो गेला की बायाबापड्यांना वाटतं, आता पुन्हा पत्रिका शोधा, भटजी गाठा, तीन साक्षीदार जमवा. ही भीती अनाठायी आहे. 1998 च्या विवाह नोंदणी कायद्याखाली केलेली मूळ नोंद नोंदवहीत असते: शहरात नगरपालिकेत, गावात ग्रामसेवकाकडे (2024 पासून पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी, पण गावात म्हणतात ग्रामसेवकच). दोघांची नावं, लग्नाची तारीख आणि ओळखपत्र एवढ्यावर दुसरी प्रत मिळायला हवी. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात विनाकारण टाळाटाळ करणाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड आहे.

तरीही कुठे ना कुठे ‘पोलिसांचा दाखला आणा, स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र आणा’ हे ऐकावं लागतंच. पुराने नेलेल्या कागदाची तक्रार करायची तरी कुणाविरुद्ध?

या कागदाची खरी गरज बाईला पडते. 2024 च्या ‘लाडकी बहीण’ योजनेत नवविवाहितेचं नाव रेशनकार्डावर नसेल तर पतीचं कार्ड चाललं, पण सोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र असेल तरच.

नोंदवहीच गेली तर? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने लातूर-धाराशिवची 52 गावं जमीनदोस्त केली, तेव्हा घर काय आणि कचेरी काय, सगळं एकाच ढिगाऱ्याखाली होतं. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे नोंद नसली म्हणून लग्न अवैध ठरत नाही आणि उशिरा नोंदणीही करता येते. पण एवढ्या मोठ्या जिल्ह्याने एका कपाटावर विसंबून राहणं शहाणपणाचं नाही.

म्हणून जिल्हा परिषदेने जुन्या विवाह नोंदवह्या स्कॅन करून घ्याव्यात आणि पूरग्रस्त गावांत शिबिरं लावून दुसऱ्या प्रती फुकट द्याव्यात. ज्यांचा दाखला शाबूत आहे त्यांनी नोंदणी क्रमांक आणि तारीख दिसेल असा त्याचा फोटो आजच मोबाईलमध्ये काढून ठेवावा.