आवाजाची पारख

गेल्या महिन्यात एका स्नेह्यांच्या घरी जाण्याचा योग आला. पेढीचा कारभार मुलाच्या हाती सोपवून ते आता सायंकाळी निवांतपणे जुने नाट्यसंगीत ऐकत बसतात. त्यांच्या मुलाने मला विचारले, ‘‘काका, बाबांसाठी चांगला डॅक घ्यायचा आहे. किती हजारांचा घ्यावा?’’

मी म्हटले, ‘‘किंमत मागाहून पाहू. आधी सांग, आजच्या आवाजात उणे काय आहे?’’ उत्तर वडिलांनीच दिले, ‘‘पेटी-तबला ऐकू येतो, पण पदाचे शब्द उमगत नाहीत.’’

हल्ली अनेक घरांत ही खरेदी होऊ लागली आहे, म्हणून डॅक म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. इंटरनेटवरून येणारे गाणे अंकांच्या रूपात असते. त्या अंकांचे विजेच्या चढउतारात रूपांतर करणारा भाग म्हणजे डॅक. पुढे ॲम्प्लिफायर तो चढउतार मोठा करतो आणि स्पीकर त्याचा आवाज करतो. टीव्हीत, संगणकात, ब्लूटूथ स्पीकरमध्ये डॅक आधीपासूनच बसवलेला असतो. तेव्हा खरा प्रश्न इतकाच, की आहे तो अपुरा पडतो काय?

खोक्यावर १९२ किंवा ३८४ किलोहर्ट्झ असे मोठे आकडे छापलेले असतात. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीमध्ये दर सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापे असतात व त्यांत सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचा स्वर सामावतो. तरुण, निरोगी कानाची मर्यादा २०,००० हर्ट्झच्या आसपास असते आणि वयानुसार ती खाली येते. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरील ध्वनिमुद्रणात तर याहूनही पुष्कळ कमी सामावलेले असते. तेव्हा केवळ मोठ्या आकड्यासाठी जादा दाम मोजू नये.

मग पाहावे काय? आपल्या ॲम्प्लिफायरला जोडणी कोणती लागते, फोनसाठी यूएसबी आणि टीव्हीसाठी ऑप्टिकल अशा दोन्ही सोयी आहेत काय, हेडफोन वापरायचा असल्यास त्याची वेगळी खाच आहे काय, आणि न पटल्यास वस्तू परत घेतली जाईल काय. संगणकाला जोडलेल्या स्पीकरमधून सतत खरखर येत असेल, किंवा ॲम्प्लिफायर जुना असून त्याला केवळ तारेची जोडणी असेल, तर साधासा वेगळा डॅक खरोखर उपयोगी पडतो.

दोन यंत्रांची तुलना करताना दोन्हींचा आवाज अगदी सारखा ठेवावा. किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. पारडी समान केल्यावाचून तोल कळत नाही, हे आपणांस वेगळे सांगायला नको. कोणते यंत्र वाजते आहे हे ऐकणाऱ्यास सांगू नये. फरक ओळखता आला नाही, तर स्वस्त यंत्र निःशंकपणे घ्यावे.

स्नेह्यांच्या घरचे स्पीकर कपाटावर, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवले होते. कोपऱ्यात खर्जाचा घुमारा वाढतो आणि शब्द त्यात बुडतात. आम्ही ते खाली आणले, भिंतीपासून पुढे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर मांडले. पद पुष्कळ स्वच्छ झाले. तरी वडील मान हलवत म्हणाले, ‘‘स आणि श अजून निसटतात.’’

वयोमानाने श्रवणशक्ती उतरते ती प्रथम उंच स्वरांत, आणि ही व्यंजने तेथेच असतात. त्याला डॅक काय करणार? मी मुलाला बाजूला घेऊन कानांची तपासणी सुचवली. तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘काका, दुकानातही बाबा हल्ली गिऱ्हाइकाला दोनदा विचारत. आम्हाला वाटायचे, त्यांचे लक्ष नाही.’’

डॅकची खरेदी तूर्त राहिली. कानाच्या डॉक्टरांची वेळ मात्र त्याच सायंकाळी ठरली.