रात्रभर लिंबात? कशासाठी?

"चिकन रात्रभर लिंबात मुरवलं की कसं मऊसूत होतं!" हे हॉस्टेलपासून ऐकतोय. परवा शनिवारी एका मित्राकडे त्याचीच फळं खाल्ली. वरून पिठूळ, आतून चिवट, चव नुसती आंबट. किलोभर चिकनची पार वाट.

अहो, लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीच. त्या आम्लाने वरच्या थरातली प्रथिनं आवळतात आणि पाणी सोडतात. रात्रभर ठेवलं तरी रस काही मिलिमीटरच आत शिरतो. खोलवर जातं ते मीठ. मग मिठाचं काम लिंबाला का सांगायचं? (आमच्याकडे डेव्हलपरला टेस्टिंग सांगतात, तसलाच प्रकार. असो.)

अर्धा किलो चिकनला चहाचा एक चमचा मीठ चोळा आणि दोन तास फ्रीजमध्ये ठेवा. मग दोन चमचे तेल, ठेचलेला लसूण, मूठभर कोथिंबीर, थोडा पुदिना आणि किसलेली लिंबाची साल. साल फक्त वरवरची, आतला पांढरा भाग कडू लागतो. लिंबाचा खरा घमघमाट त्या सालीतल्या तेलात असतो, आणि आपण तीच कचऱ्यात टाकतो! रस भाजायच्या अर्धा तास आधी, तोही अर्ध्याच लिंबाचा. उरलेलं अर्धं ताटात पिळा.

"आमची आजी दह्यात रात्रभर ठेवायची" म्हणाल, तर जरूर ठेवा. दही सौम्य असतं हो, लिंबू नाही.