सातारकर भारी की सांगलीकर? जरा कॅनडाकडं बघून बोलूया

सातारा भारी की सांगली, हा वाद मोबाइलवर महिन्यातून एकदा तरी पेटतोच. कुणीतरी कंदी पेढ्याचा फोटो टाकतं. खाली लगेच सांगलीवाला हजर, "भडंग खाल्लेलं दिसत न्हाई कधी." मग सातारवाला कास पठार काढतो. सांगलीवाला नाट्यपंढरी काढतो आणि १८४३ सालचं विष्णुदास भावेंचं 'सीता स्वयंवर' तोंडावर फेकतो. सातारवाला म्हणतो, आमची राजधानी. सांगलीवाल्याकडं राजधानी नाही, म्हणून तो शेवटचं अस्त्र बाहेर काढतो, कृष्णेतली मगर. "तुमच्याकडं हाय का?" इथं सातारकर गप्प होतो.

माझं गाव कराड तालुक्यात आणि आजोळ वाळवा तालुक्यात. म्हणजे मी दोन्हीकडचा. त्यामुळं दोन्हीकडून ऐकून घ्यायची सवय आहे. वीस वर्षं याच पट्ट्यात बातमीदारी करतोय आणि खरं सांगायचं तर हा वाद मला मनापासून आवडतो. निवडणुकीच्या बातम्यांपेक्षा यात जास्त प्रामाणिकपणा असतो.

पण हा वाद आपलाच शोध आहे असं समजू नका. एक अख्खा देश गेली कित्येक वर्षं याच वादावर जगतोय. कॅनडा.

कॅनडियन माणूस म्हणजे कोण, हे कॅनडियन माणसालाच नीट सांगता येत नाही. विचारलं की तो पहिलं वाक्य टाकतो, "मी अमेरिकन नाही." भाषा बरीचशी तीच, टीव्ही तोच, गाड्या त्याच. मग वेगळेपण दाखवायचं कशात? तर आईस हॉकीत, कॉफीत, थंडीत आणि 'सॉरी' म्हणण्यात. हे सॉरीचं प्रकरण तर इतकं पुढं गेलंय की ओंटारिओ प्रांतानं २००९ मध्ये त्याचा कायदाच केला. एखाद्यानं सॉरी म्हटलं, तर त्यानं दोष कबूल केला असं दिवाणी कोर्टात धरायचं नाही! असा कायदा आपल्याकडं केला तर अडचण एकच, वापरणारा माणूस मिळायचा नाही. आपल्याकडं धक्का मारणाराच विचारतो, "दिसत न्हाई व्हय?"

१९७२ च्या सुमारास तिकडच्या रेडिओवर एक स्पर्धा झाली होती. अमेरिकेत "ॲपल पायइतका अमेरिकन" अशी म्हण आहे. तर "अमुक इतका कॅनडियन" ही म्हण पूर्ण करा, असं श्रोत्यांना सांगितलं. लोकांनी काय काय पाठवलं असेल. पण बक्षीस मिळालं एका मुलीच्या उत्तराला. तिचं उत्तर साधारण असं होतं, "परिस्थिती बघता जमेल तितका कॅनडियन."

मला वाटतं यापेक्षा खरं उत्तर कुठल्याच गावाला, जिल्ह्याला, देशाला देता येणार नाही. आणि सातारा-सांगलीला तर अजिबात नाही. कसं ते सांगतो.

ज्या सांगली जिल्ह्याचा आपण एवढा अभिमान बाळगतो, तो १९४९ मध्ये जन्मला. जुन्या सातारा जिल्ह्याचे काही तालुके आणि सांगली, मिरज, जत अशा संस्थानांचा मुलूख एकत्र करून. आणि त्याचं नाव काय होतं माहितीये? दक्षिण सातारा! १९६० पर्यंत तेच नाव होतं. म्हणजे आज सत्तरीत असलेले कित्येक कट्टर सांगलीकर कागदोपत्री दक्षिण साताऱ्यात जन्मलेत. हे वाचून सातारकरांनी लगेच हुरळून जाऊ नये, कारण पुढचं तुमच्यासाठी आहे.

साताऱ्याचं प्रतिसरकार म्हणून आपण छाती फुगवतो. क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातले. तुफान सेनेचं कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात. इतिहासाच्या पुस्तकात नाव साताऱ्याचं आणि त्यातली कित्येक गावं सांगलीची. यशवंतराव चव्हाण म्हटलं की कराड, कराड म्हटलं की सातारा. पण त्यांचा जन्म १९१३ चा देवराष्ट्रेचा, आजोळी. देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात. म्हणजे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री जन्मानं आजच्या हिशेबानं सांगलीचे, कर्मानं साताऱ्याचे, आणि समाधी कराडला प्रीतिसंगमावर. आता करा वाटणी.

कॅनडाचंही हेच दुखणं आहे. टेलिफोनवाला ग्रॅहम बेल जन्मला स्कॉटलंडमध्ये, घरचे येऊन राहिले कॅनडात, पेटंट घेतलं अमेरिकेत. तिघंही म्हणतात, आमचा. बास्केटबॉल शोधणारा नायस्मिथ कॅनडाचा, पण खेळ शोधला अमेरिकेत जाऊन. आणि आपल्या स्मृती मानधनाचंच घ्या. जन्म मुंबईचा, वाढली सांगलीत. तिनं शतक ठोकलं की कुणी सांगलीकर जन्मदाखला मागत नाही. मागूही नये.

सांगलीकडं तर एक अस्सल कॅनडियनसुद्धा आहे. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी सगळ्यांना माहिती आहे. रिक्षावाला दिवसातून दहा वेळा हे नाव घेतो. पण वानलेस कोण? डॉ. विल्यम वानलेस, जन्म १८६५ चा, कॅनडातल्या ओंटारिओचा. अमेरिकन मिशनतर्फे १८८९ मध्ये इकडं आला, १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभा केला. मिरज आज दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं, त्याच्या मुळाशी हा माणूस आहे. जन्म कॅनडाचा, नोकरी अमेरिकनांची, 'सर' ही पदवी इंग्रजांची, आणि शेवटी नावापुढं लागली ती 'वाडी'. आपल्या मातीनं त्याला विचारलं नाही की बाबा तू मूळचा कुठला. काम बघितलं आणि नाव गावाला देऊन टाकलं.

उलट्या बाजूनं बघा. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातले आपले गलाई बांधव सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी पार केरळ-तमिळनाडूपासून दिल्ली-कोलकात्यापर्यंत पोचलेत. पाऊस नव्हता, शेती पिकत नव्हती, म्हणून बापजाद्यांनी घर सोडलं. त्यांची पोरं तिकडच्या शाळेत शिकतात, तिकडची भाषा फाडफाड बोलतात आणि जत्रेला गावाकडं आली की चुलत भाऊ त्यांच्या मराठीला हसतात. ती पोरं सांगलीकर की नाहीत? माझ्या मते आहेत. परिस्थिती बघता जमेल तितकी.

इथपर्यंत सगळी गंमत आहे. आता जरा पुढचं.

कॅनडा आणि अमेरिका यांच्यातली थट्टा कित्येक वर्षं अशीच चालायची. पण २०२४ संपता संपता ट्रम्पसाहेबांनी कॅनडाला "अमेरिकेचं ५१ वं राज्य" म्हणायला सुरुवात केली. कॅनडाच्या पंतप्रधानांना ते 'गव्हर्नर' म्हणू लागले. सुरुवातीला लोक हसले. पण २०२५ मध्ये आयातकर लागले, तेच वाक्य पुन्हा पुन्हा येत राहिलं, आणि ते 'सॉरी' म्हणणारं राष्ट्र एकदम बदललं. हॉकीच्या मैदानात अमेरिकेचं राष्ट्रगीत लागलं की लोक हुर्यो करायला लागले. ओंटारिओच्या सरकारी दुकानांतून अमेरिकन दारूच्या बाटल्या खाली उतरवल्या. लोक वाणसामान घेताना डब्यावर देशाचं नाव बघू लागले. एप्रिलमधल्या निवडणुकीत हाच मुद्दा मोठा ठरला आणि हरणार म्हणून गृहीत धरलेला पक्ष निवडून आला.

शब्द तेच होते. मग बिघडलं कुठं? तर थट्टा करणारा बलाढ्य होता आणि त्याच्या हातात आयातकराची काठी होती. थट्टा बरोबरीच्या माणसांत चालते. पेढा आणि भडंग एकमेकांना काहीही बोलू शकतात, कारण दोघांपैकी कुणीच दुसऱ्याचं पाणी तोडू शकत नाही, सोयरीक मोडू शकत नाही, पोटावर पाय देऊ शकत नाही.

आपल्याला हे कळत नाही असं नाही. पुण्यात खोली बघायला गेलेल्या आपल्या पोराला घरमालक हसत विचारतो, "तुमच्याकडं 'लई' म्हणतात ना?" तेव्हा पोरगं हसतं, पण आतून त्याला लागतं. कारण खोलीची किल्ली घरमालकाच्या हातात असते. मालिकेत गुंड किंवा गडी दाखवायचा असला की त्याच्या तोंडी आपली भाषा देतात, तेव्हाही आपण चिडतो. बरोबरच आहे.

पण मग हाच हिशेब खाली उतरला की आपण विसरतो. नदीकाठचे आपण, म्हणजे कराड, वाळवा, पलूस, मिरजवाले, आपल्याच जिल्ह्यांच्या पूर्वेकडच्या लोकांना काय म्हणतो? 'दुष्काळी'. माण, खटाव, आटपाडी, जत. दुष्काळ हा पावसाचा आणि पाणीवाटपाचा विषय. आपण त्याचं माणसाला चिकटवायचं विशेषण केलं. "दुष्काळी भागात कोण पोरगी देतंय" हे वाक्य मी लग्नाच्या बैठकीत हसत हसत उच्चारलेलं ऐकलंय. हसणारे बागायतदार होते. समोरचा हसत नव्हता.

याचा शेवट कुठं जातो ते आपण नोव्हेंबर २०२२ मध्ये पाहिलंय. कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी जत तालुक्यातल्या ४० गावांचा विषय काढला. पाण्यासाठी या गावांनी पूर्वी कर्नाटकात जायचे ठराव केलेत, असं ते म्हणाले. इकडं एकच गदारोळ. सीमाभागातल्या काही गावकऱ्यांनीही ठणकावलं, पाणी द्या, नाहीतर आम्ही जातो. मोबाइलवर बसून काहींनी त्यांना गद्दार ठरवून टाकलं. एवढी वर्षं ज्यांना 'दुष्काळी' म्हणून हिणवलं, त्यांच्या निष्ठेची परीक्षा आपण एका दिवसात घेतली. पेपर आपण काढला, तपासला आपणच, आणि पाणी मात्र द्यायचं राहिलं होतं. त्या गदारोळानंतर विस्तारित म्हैसाळ योजनेच्या फायली पटापट हलल्या. म्हणजे काम होण्यासारखं होतं. फक्त त्यांचं म्हणणं कुणी गांभीर्यानं घेतलं नव्हतं.

दुसरं उदाहरण दरवर्षी दारात येतं. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोड मजूर येतात. पहाटे थंडीत त्यांच्या बायका कोयता घेऊन फडात असतात, म्हणून आपल्या घरात बिल येतं. त्यांच्या बोलण्याची नक्कल करून रील काढणारी पोरं आपलीच. अभिमानाच्या गप्पा मारताना हे रील आठवावं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. सातारा-सांगली वाद बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. उलट जोरात चालू द्या. ज्याच्याशी थट्टा करताय त्यानं उलटून तितकीच सणसणीत थट्टा केली तर तुम्हाला चालेल का, आणि करण्याइतकी मोकळीक त्याला आहे का, एवढं बघा. असेल तर बिनधास्त. नसेल तर ती थट्टा राहत नाही, त्याला आपल्याकडं मस्ती म्हणतात.

आणि ज्यांना आपल्या जिल्ह्याचा फारच कडवा अभिमान आहे, त्यांनी एकदा टेंभूला जाऊन यावं. कराड तालुक्यात, साताऱ्याच्या हद्दीत कृष्णेचं पाणी उचलतात आणि ते चढत चढत पार सांगलीच्या आटपाडीपर्यंत जातं. त्याच कोयना-कृष्णेला २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा कराड-पाटण भिजलं आणि सांगली बुडाली. ब्रह्मनाळला बोट उलटली, माणसं गेली. त्या दिवसांत भाकरीची गाठोडी घेऊन गाड्या निघाल्या, तेव्हा कुणी कोणत्या जिल्ह्याचं पीठ आहे ते विचारलं नव्हतं.

बाकी पेढा की भडंग, याचा निकाल मी देणार नाही. मला कराडला राहायचंय आणि आजोळी जेवायलाही जायचंय. मगरीचा मुद्दा मात्र सांगलीला देऊन टाका. कॅनडाचा राष्ट्रीय प्राणी बीव्हर आहे, म्हणजे लाकडं कुरतडून ओढ्यावर बांध घालणारा उंदराच्या जातीतला एक प्राणी. त्याच्यापुढं आपली मगर केव्हाही भारी!