घरात साप आलाय? पहिले दोन आठवडे हात लावू नका

मध्यंतरी माझ्या एक जुन्या पेशंट दवाखान्यात आल्या. वय ६७, संधिवातासाठी बरीच वर्षं मेथोट्रेक्सेटची गोळी चालू. मुलगा अमेरिकेत, सून नुकतीच दुसऱ्यांदा बाळंत झालेली, बाळ दोन महिन्यांचं. त्या सहा महिन्यांसाठी निघाल्या होत्या आणि तेवढी औषधं लिहून हवी होती. चिठ्ठी हातात घेऊन उठता उठता म्हणाल्या, "डॉक्टर, एक विचारू का? थोरल्या नातवानं साप पाळलाय. मागच्याच आठवड्यात आणला. मी जाऊ ना?"

मी फोटो पाहिला. बॉल पायथन. अजगराच्या कुळातला छोटा साप, मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. पूर्ण वाढला तरी साधारण तीन ते पाच फूट. विष नाही. घाबरला की वेटोळं करून डोकं आत लपवतो आणि चेंडूसारखा दिसतो, म्हणून हे नाव. मी त्यांना म्हटलं, "काकू, निर्धास्त जा. हा चावला तरी जिवाला धोका नाही."

त्यांचं समाधान झालं, पण जाता जाता त्या सहज बोलून गेल्या, "अहो, तो काही खातच नाही म्हणे. नातू दिवसातनं दहादा बाहेर काढून मांडीवर घेतो, तरी रुसलेलाच. आणि त्याचे ते बर्फातले उंदीर बाळाच्या दुधाशेजारीच फ्रीजरमध्ये ठेवलेत. मला बाई किळसच येते."

मी त्यांना परत खुर्चीत बसवलं. मी चुकीच्या गोष्टीबद्दल धीर दिला होता.

साप रुसत नाही, घाबरतो

आधी सापाची बाजू बघू. हा प्राणी निशाचर आहे. मूळ ठिकाणी दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात दडून बसतो. त्याला सुरक्षित वाटतं ते अंधारात आणि अंगाला चारी बाजूंनी काहीतरी टेकलेलं असताना. अशा जीवाला दुकानातून उचलून उजेडातल्या काचेच्या पेटीत ठेवलं, नवे वास, नवे आवाज, आणि वर दिवसातून दहा वेळा आकाशातून एक मोठा हात आत येतोय! जंगलात वरून येणारी गोष्ट म्हणजे शिकारी. तो जेवेल कसा?

म्हणून अनुभवी साप पाळणारे एकच सांगतात: आणल्यावर किमान आठवडाभर, शक्यतो दोन आठवडे, त्याला हात लावायचा नाही. पाणी बदला, घाण काढा, तापमान बघा आणि बाजूला व्हा. पेटीची एक बाजू उबदार हवी, साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, आणि दुसरी थोडी थंड, २५ ते २७ अंश. दोन्ही बाजूंना अंग मुडपून बसता येईल अशी एकेक लपायची जागा हवी. सापाला स्वतःचं अंग आतून गरम करता येत नाही. तो जागा बदलून शरीराचं तापमान राखतो. पुरेशी ऊब नसेल तर खाल्लेलं पचतही नाही.

दोन-तीन वेळा तो व्यवस्थित जेवला, की मग हाताळायला सुरुवात करायची. तीही पाच-दहा मिनिटं, आठवड्यातून एक-दोनदा. जमिनीवर किंवा पलंगावर बसून, म्हणजे निसटला तरी उंचावरून पडणार नाही. हात वरून नाही, बाजूने न्यायचा. डोकं पकडायचं नाही, शेपटीला धरून उचलायचं नाही, मधल्या अंगाला दोन्ही हातांचा आधार द्यायचा. जेवल्यानंतर दोन दिवस अजिबात उचलायचं नाही, नाहीतर खाल्लेलं ओकून टाकतो. डोळे दुधाळ, निळसर दिसू लागले म्हणजे कात टाकायची वेळ आली. त्याला तेव्हा नीट दिसत नाही, त्यामुळे तेव्हाही लांबच राहायचं. मानेचा 'एस' करून फुत्कारत असेल तर त्या दिवशी बेत रद्द.

आणि एक गोष्ट मुलांना आधीच सांगा. कुत्र्यासारखा लळा सापाला लागत नाही. तो तुम्हाला सवयीने सहन करायला शिकतो, इतकंच. यात कमीपणा काही नाही, पण हे समजून न घेतल्यामुळेच "तो माझ्याशी खेळत नाही" म्हणून मुलं त्याला पुन्हा पुन्हा बाहेर काढतात.

दात नव्हे, हात

आता माझ्या कामाची बाजू. साप, कासव, सरडे यांच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू अनेकदा असतात. साप मात्र ठणठणीत दिसतो. विष्ठेतून हे जंतू बाहेर पडतात, कातडीला, पेटीला, पाण्याच्या भांड्याला लागतात आणि तिथून आपल्या हाताला. आपल्याला माहीत असलेल्या टायफॉइडच्या जंतूचेच हे भाऊबंद. पण टायफॉइडची लस घेतली म्हणून यांच्यापासून संरक्षण मिळत नाही. सापाची तपासणी एकदा निर्दोष आली तरी खात्री नाही, कारण हे जंतू कधी बाहेर पडतात, कधी नाही. सापाला अँटिबायोटिक देऊन ते कायमचे घालवताही येत नाहीत.

धडधाकट माणसाला यातून ताप, पोटात कळा, जुलाब होतात. लागण झाल्यावर साधारण सहा तास ते सहा दिवसांत त्रास सुरू होतो आणि बहुतेकांना चार-सात दिवसांत आपोआप बरं वाटतं. पण तान्ह्या बाळात हाच जंतू रक्तात जाऊ शकतो, मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. बाळाला सापाने शिवावं लागत नाही. साप हाताळलेल्या दादाने हात न धुता बाळाला घेतलं, तेवढं पुरतं.

हा धोका नवा नाही. लहान मुलं छोटी कासवं तोंडात घालायची आणि आजारी पडायची, म्हणून अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर १९७५ मध्येच बंदी आली. सापांना घालायच्या गोठवलेल्या उंदरांमधूनही अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये साल्मोनेलाच्या साथी पसरल्या आहेत. फ्रीजरमध्ये हे जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. म्हणूनच काकूंची किळस वैद्यकीयदृष्ट्या अगदी बरोबर होती. माझ्या दिलाशापेक्षा जास्त बरोबर.

घरासाठी नियम

त्यांच्या मुलाला मी त्याच संध्याकाळी फोनवर जे सांगितलं, ते असं:

१. सापाला हात लावण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा साबणाने २० सेकंद हात धुवा. आधी अशासाठी, की हाताला खाण्याचा वास असेल तर साप भक्ष्य समजून चावू शकतो. नंतर का, ते वर आलंच.

२. उंदरांसाठी वेगळा छोटा फ्रीज घ्या. ते वितळवायचं भांडं आणि भरवायचा लांब चिमटा वेगळा ठेवा. मायक्रोवेव्ह वापरू नका.

३. पेटी आणि भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. बाळाला आंघोळ घालता तिथेही नाही.

४. सापाची खोली ठरलेली असू द्या. सोफ्यावर, जेवणाच्या टेबलावर साप नको. साप हाताळताना खाणंपिणं नको, त्याचा मुका घेणं तर नकोच.

५. पाच वर्षांखालची मुलं, ६५ च्या पुढची माणसं, गर्भवती, कॅन्सरचे उपचार घेणारे आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेले यांनी साप हाताळू नये, पेटीही साफ करू नये.

६. चावलाच तर ओढू नका. दात आत वळलेले असतात, ओढल्याने जखम वाढते आणि सापाचेही दात तुटतात. धरून बसला असेल तर तोंडावर गार पाणी सोडा. सुटल्यावर जखम साबणपाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांना भेटा.

७. घरात कुणाला ताप-जुलाब झाले तर डॉक्टरांना "आमच्याकडे साप आहे" हे आपणहून सांगा. विचारल्याशिवाय हे कुणाला सुचत नाही. मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर वाट न बघता लगेच दाखवा.

पाचव्या नियमावर मुलगा जरा थबकला. "आई आली की दुपारी तीच बघेल असं आम्ही ठरवलं होतं," तो म्हणाला. परदेशात ही आपल्याकडची आजी सगळ्यांना हक्काची वाटते: बाळही बघेल, पोळ्याही करेल, सापही बघेल. मी त्याला स्पष्ट सांगितलं, आईचं वय आणि आईची गोळी पाहता त्या पेटीची जबाबदारी तिच्यावर नको. ज्या हाताने बाळाला न्हाऊमाखू घालायचं, त्या हाताने सापाची घाण काढायची नाही.

माझं मत

मी साप पाळण्याच्या विरोधात नाही. त्या अकरा वर्षांच्या मुलाला अंधारात राहणाऱ्या, न बोलणाऱ्या जीवाबद्दल कुतूहल वाटलं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर नवा साप आणू नये, थांबावं. हा साप पाळण्यात २०-३० वर्षं जगतो, चार वर्षं उशिरा आला म्हणून काही बिघडत नाही. आणि आधीच आणला असेल तर नियम पाळा, नाहीतर जाणकार माणसाकडे सोपवा. बाहेर सोडून देऊ नका. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये पाळीव म्हणून आलेल्या बर्मी अजगरांनी काय वाताहत केली, ते जगाने पाहिलंय.

इथल्या वाचकांसाठी एवढंच: आपल्याकडचा कुठलाही साप धरून घरी ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्यांचीही आता सरकारकडे नोंदणी करावी लागते. आणि वर दिलेला चाव्याचा उपाय फक्त बिनविषारी पाळीव सापासाठी. आपल्याकडे शेतात, अंगणात साप चावला तर ओळख पटवत बसू नका, घट्ट आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका. चावलेला भाग न हलवता थेट रुग्णालय गाठा.

काकू गेल्या. तीन आठवड्यांनी व्हिडिओ कॉल आला. उंदरांचा फ्रीज गॅरेजमध्ये गेला होता. नातवाने पेटीवर चादर टाकून बारा दिवस कसेबसे काढले होते आणि तेराव्या दिवशी साप जेवला होता. तो मला तारखांची वही दाखवत होता. मागे काकू बाळाला घेऊन खोलीच्या दाराबाहेर उभ्या होत्या.

"आत नाही जात मी," त्या म्हणाल्या. "नागपंचमीला तरी आपण कुठे हात लावतो? लांबूनच जोडतो."

सापाला कमीत कमी हात लावणं हे सापाच्या भल्याचं आहे आणि घराच्याही. नियम एकच आहे, म्हणून पाळायला सोपा आहे.