आज्ञा पाठ करू नका, आधी कार्ड ओळखा!

मंडळी, आज थोडे भांडायचे आहे. भांडण कोणा एका माणसाशी नाही, एका सवयीशी आहे. शाळेत तिचे नाव ‘गाइड’ होते. संगणकाच्या जगात तिला नाव नाही, पण अवतार तोच! प्रश्न न वाचता उत्तर उतरवून काढायचे आणि गुण मिळाले नाहीत की विषयालाच नावे ठेवायची.

झाले असे की १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. त्यामुळे घरोघरची धडधाकट यंत्रे एका तारखेला ‘म्हातारी’ ठरली. आमच्या करंजाड्यातही काहींनी अशा यंत्रांवर उबुंटू किंवा मिंट टाकून पाहिले. बहुतेकांचे सगळे पहिल्या झटक्यात चालते. पण एखाद्याचे वायरचे नेट चालत नाही, आणि लगेच निकाल लागतो, "लिनक्सवर नेटच चालत नाही हो, द्या भंगारात!" नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय...

मग कोणी जरा धीर धरून इंटरनेटवर शोधतो. तिथे सात ओळींचा तयार मंत्र मिळतो. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ‘सुडो’, म्हणजे यंत्राच्या मालकाचे सर्वाधिकार! ओळीचा अर्थ काय, ती कोणत्या कार्डासाठी आहे, याची चौकशी नाही. उतरवा आणि एंटर मारा. अनोळखी माणसाने पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर आपण सही करू का? इथे मात्र खुशाल करतो.

याचे फळ काय मिळते ते उदाहरणाने सांगतो. साध्या डेस्कटॉपमध्ये रियलटेक कंपनीचे ८१११/८१६८ या कुळातले इथरनेट कार्ड फार आढळते. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, त्यासाठी ‘आर८१६९’ नावाचा ड्रायव्हर आहे. कंपनी स्वतःचा ‘आर८१६८’ वेगळा देते. तयार मंत्र बहुधा हा दुसरा बसवायला आणि पहिल्याला काळ्या यादीत टाकायला सांगतो. आज नेट सुरू होते, माणूस खूश! पण बाहेरून आणलेला ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. डीकेएमएस नावाची सोय ते काम करते खरे, पण त्या कर्नलच्या हेडर फायली नसतील तर तिचेही हात बांधलेले. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर दारातच अडवला जातो. म्हणजे पुढच्या अद्यतनानंतर नवा ड्रायव्हर तयार नाही आणि जुना काळ्या यादीत. नेट गुल! दोष पुन्हा लिनक्सला.

आता हेच रीतीने करू. गणितात आधी ‘दिलेले’ काय ते लिहितो ना, तसे तीन प्रश्न लिहायचे.

पहिला, यंत्राला कार्ड दिसते का? ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा यंत्रातली उपकरणे दाखवते. योग्य पर्याय जोडला की प्रत्येकाचा ओळख क्रमांकही मिळतो. १०ईसी म्हणजे रियलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल (त्यांच्या १९७८ च्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा!). कार्ड यादीतच नसेल तर ड्रायव्हर बदलून काय होणार? ते बायोसमध्ये बंद असेल किंवा बिघडले असेल.

दुसरा, ते कोणत्या ड्रायव्हरच्या ताब्यात आहे? तीच आज्ञा हेही सांगते. कोणाच्याच ताब्यात नसेल तर ड्रायव्हर नाही किंवा अडवलेला आहे. ड्रायव्हर आहे पण तक्रार करतो आहे, तर कर्नलची नोंदवही वाचायची. कधी फक्त फर्मवेअरची फाईल कमी असते.

तिसरा, ड्रायव्हर ठीक आहे, मग वायर जिवंत आहे का, आणि राउटरकडून पत्ता मिळाला का? ‘ईथटूल’ लिंक लागली की नाही ते सांगते. वायरच सैल असेल आणि आपण ड्रायव्हर बदलत बसलो, तर आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी!

"पण नेटच नाही, तर ड्रायव्हर आणू कुठून?" रास्त प्रश्न. मोबाईल यूएसबीच्या वायरने जोडून टेदरिंग चालू करा, तात्पुरते नेट बहुधा लगेच मिळते.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, इतका वेळ कोणाला आहे?" तयार मंत्र तीनदा फसल्यावर जाणारा वेळ मोजला का? शिवाय या तीन प्रश्नांना पंधरा मिनिटे लागतात, आणि एकदा कळले की जन्मभर पुरते.

दुसरा आक्षेप असा की खुल्या ड्रायव्हरमध्येही दोष असतात. असतात की! २००८ मध्ये कर्नल २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांनी इंटेलच्या काही वायर्ड कार्डांची आतली मेमरीच बिघडवली होती. संशय ड्रायव्हरवर होता. शोध सगळ्यांसमोर चालला आणि त्याच ऑक्टोबरात खरा गुन्हेगार सापडला, कर्नलमधले ‘एफट्रेस’ हे वेगळेच साधन. मूळ मजकूर उघडा होता म्हणून ड्रायव्हरवरचा आळ गेला. बंद पेटीत हे कसे कळले असते?

म्हणून माझे दुसरे भांडण उत्पादकांशी आहे. कार्ड विकताना त्याची तांत्रिक माहिती खुली करा, ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये द्या. १९९० च्या दशकात नासाच्या गोडार्ड केंद्रात काम करणाऱ्या डोनाल्ड बेकर यांनी कितीतरी इथरनेट कार्डांचे लिनक्स ड्रायव्हर लिहिले आणि सगळ्यांना दिले. साध्या संगणकांची मोट बांधून १९९४ मध्ये झालेला बिओवुल्फ त्याच पायावर उभा राहिला.

आणि तिसरे भांडण आपल्याशी. केरळने २००१ मध्ये सुरू केलेल्या आयटी@स्कूलमधून शाळांत मुक्त सॉफ्टवेअर नेले. सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ लिनक्स आणले, केंद्राने २०१५ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. साहित्य आहे, पण शिकवण्याची रीत गाइडचीच! संगणकाच्या तासाला मुलांना एका कंपनीची बटणे पाठ करवतो. बटणांची जागा बदलली की मूल अडाणी. त्यापेक्षा शाळेतल्या एका जुन्या यंत्राचे कार्ड ओळखायला लावा. निरीक्षण, अनुमान, पडताळा... विज्ञानाचा अख्खा तास त्यात आहे.

तेव्हा भाच्या-पुतण्यांनो, यापुढे मला "काका, कमांड पाठवा" असा निरोप पाठवू नका. कार्डाचा क्रमांक आणि ड्रायव्हरचे नाव पाठवा, मग बोलू. आणि ब्लॉगर मित्रहो, तुम्ही असे उत्तर लिहाल तेव्हा प्रत्येक ओळीखाली तिचा अर्थ मराठीत लिहा. अर्थ लिहिता येत नसेल, तर ती ओळ देऊच नका. पटत नसेल तर जरूर भांडा, मी तयार आहे!