पडद्यावरील जास्वंद

गेल्या दिवाळीस आमच्या घरीं नवा दूरचित्रवाणी-संच आला. (टीव्ही हा शब्द आतां मराठीच झाला असल्यामुळें यापुढें आम्ही तोच वापरतों.) पंचावन्न इंचांचा हा टीव्ही दुकानाच्या लखलखाटांतहि उठून दिसला, म्हणून मुलांनीं तो पसंत केला. घरीं आल्यावर मुलें हरखून गेलीं. आम्हांस मात्र त्यावरील प्रत्येक माणूस नुकताच उन्हांतून आल्यासारखा लालबुंद वाटे. पण नव्या वस्तूस नांवें ठेवणें हा म्हातारपणाचा दोष समजला जातो, म्हणून आम्ही गप्प राहिलों.

मार्गशीर्षांत मातोश्रींची तिथि आली. पुतण्याच्या मुंजीची १९९४ सालची व्हिडिओ-फीत त्यानें नुकतीच संगणकावर उतरवून घेतली होती. हलत्या-बोलत्या मातोश्री त्या फितीखेरीज दुसरीकडे कोठेंच नाहींत. सायंकाळीं सर्व मंडळी दिवाणखान्यांत जमली. मातृभोजनाचा प्रसंग आला, मागें बसलेल्या मातोश्री दिसूं लागल्या, आणि आमचे वडील बंधु एकाएकीं उठून उभे राहिले. "ही आपली आई नव्हे रे," एवढें बोलून ते आंत गेले. त्यांचें वय शहात्तर. डोळ्यांत पाणी आलेलें त्यांस कोणास दाखवावयाचें नव्हतें.

दादांचें बोलणें खोटें नव्हतें. मातोश्रींच्या चेहऱ्यास शेंदूर फासल्यासारखा दिसत होता, सुरकुत्या छिन्नीनें कोरल्यासारख्या, आणि जन्मभर काटकुळी राहिलेली ती माउली चक्क लठ्ठ दिसत होती! लठ्ठपणाचें कारण पुतण्यानें लगेच शोधलें. जुन्या चित्राची रुंदी व उंची चारास तीन या प्रमाणांत असे; नवा पडदा सोळास नऊ. चित्र ओढून ताणून सगळा पडदा भरण्याची आज्ञा टीव्हीस दिलेली होती. ती मागें घेतली, दोन्ही बाजूंस काळे पट्टे आले आणि मातोश्री पूर्ववत् सडपातळ झाल्या.

रंगाचें प्रकरण मात्र आम्हां दोघां काका-पुतण्यांस दोन रात्री पुरलें. न्यायशास्त्र व वेदान्त शिकणारांस स्फटिक आणि जास्वंदीचा दृष्टान्त ठाऊक असतो. शुभ्र स्फटिकाशेजारीं जास्वंद ठेवली कीं स्फटिक तांबडा भासतो. दोष स्फटिकाचा नसून त्या उपाधीचा. येथें जास्वंद होती 'व्हिव्हिड' नांवाची जुळवणी. शेजारच्या दहा संचांत आपलाच संच गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरावा म्हणून ती रंग भडक करते. घरच्या मंद दिव्यांत तिचें कांहीं काम नाहीं. 'सिनेमा' नांवाची सौम्य जुळवणी निवडतांच निम्मा शेंदूर उतरला.

पुढें 'ब्राइटनेस'नें आम्हांस चांगलेंच चकविलें. नांवावरून तो उजेड वाढवीत असेल असें वाटतें. वस्तुतः त्याचा अंमल मुख्यतः काळ्या रंगावर चालतो, आणि 'कॉन्ट्रास्ट'चा पांढऱ्यावर. दिव्याचा उजेड कमीजास्त करणारी कळ 'बॅकलाइट' ही तिसरीच. पुतण्यानें तेव्हां चित्र एके ठिकाणीं थांबविलें. त्यांत दादांच्या डोक्यावर काळी टोपी होती आणि भटजींच्या खांद्यावर पांढरें उपरणें. टोपी राखाडी दिसली कीं ब्राइटनेस फार झाला. टोपीची घडीच दिसेनाशी झाली कीं फार उतरला. उपरण्याच्या चुण्या नाहींशा झाल्या कीं कॉन्ट्रास्ट जास्त. वाचकांनीं आपल्या घरीं असेंच एखादें चित्र घेऊन पाहावें. यास कारागीर लागत नाहीं.

'शार्पनेस' म्हणजे तीक्ष्णपणा वाढवावा असें कोणासहि वाटेल. पण ती कळ नवा तपशील आणीत नाहीं, कडांभोवती रेघ ओढते. सुरकुत्या कोरल्या होत्या त्या तिनेंच. आम्हीं ती जवळजवळ शून्यावर आणली. रंगछटेंत 'वॉर्म' निवडली, कारण चित्र तयार करतांना पांढऱ्या रंगाचें जें ६५०० केल्व्हिनचें मान धरतात त्यास ती बहुधा जवळची असते. पहिले दोन दिवस सर्व पिवळट वाटलें खरें. पण कंदिलाच्या उजेडांतहि कागद पांढराच वाटतो ना? डोळा सरावतो. चित्रपट सेकंदास २४ चित्रांचा असतो. मधलीं चित्रें स्वतःच रचून तो गुळगुळीत करण्याची टीव्हीची खोडहि बंद केली. दिग्दर्शकांनीं या खोडीविरुद्ध तक्रारी केल्या, आणि २०१९ सालीं 'फिल्ममेकर मोड' जाहीर झाला, त्यांत ती बंदच असते.

एवढें झाल्यावर वहिनींनीं ट्रंकेंतून मातोश्रींचें तेंच अंजिरी लुगडें काढून आणलें व पडद्याशेजारीं धरलें. रंग जुळेना. आम्हीं आणखी अर्धा तास रिमोट चालविला, मग नाद सोडला. मांडवांतल्या पिवळ्या दिव्यांनीं फितीवरच जो रंग उमटविला तो टीव्ही कोठून दुरुस्त करणार? चेहरा मात्र मातोश्रींचा दिसूं लागला होता.

नातवाची तक्रार आली कीं, क्रिकेट आतां मिळमिळीत दिसतें. आमच्या टीव्हींत प्रत्येक जोडणीची जुळवणी निराळी राहते, तेव्हां त्याच्या जोडणीस त्याचा भडकपणा परत दिला.

दादांस रविवारीं हाताला धरून आणलें. ते खुर्चींत बसले, लुगडें मांडीवर घेतलें आणि बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "लुगडें एवढें फिकें नव्हतें तिचें." आणि मुलास फीत पहिल्यापासून पुन्हां लावावयास सांगितलें.