उत्तरभाग सरस कसा होतो?

एखादी कृति लोकमान्य झाली, कीं तिचा उत्तरभाग रचणाऱ्याची मोठी पंचाईत होते. जुनेंच द्यावें तर पुनरुक्तीचा दोष. सर्वच नवें द्यावें तर रसिकांस ओळखीचें कांहीं उरत नाहीं. भवभूतीनें 'महावीरचरिता'नंतर 'उत्तररामचरित' लिहिलें आणि अधिक कीर्ति दुसऱ्यासच लाभली. पण असें क्वचितच घडतें. आपल्या घरांतील मुलें ज्या व्हिडिओ खेळांत रमतात, त्यांतही याचें एक उत्तम उदाहरण आहे. वडील मंडळींनीं तें केवळ कालापव्यय म्हणून दृष्टीआड करूं नये.

जपानांतील निंटेन्डो कंपनीनें मार्च २०१७ मध्यें झेल्डा मालिकेंतील 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा खेळ प्रसिद्ध केला. हायरूल नांवाच्या काल्पनिक राज्यांत वाटेल त्या दिशेस जावें, दिसेल तो डोंगर चढावा, हें त्यांतील स्वातंत्र्य सर्वत्र वाखाणलें गेलें. एक तक्रार मात्र वारंवार ऐकूं येई. तरवार असो वा भाला, थोड्याच प्रहारांत मोडून जाई. मग पुष्कळ खेळणारे चांगलीं शस्त्रें कृपणाच्या धनाप्रमाणें राखून ठेवीत.

'टिअर्स ऑफ द किंगडम' हा उत्तरभाग १२ मे २०२३ रोजीं आला. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी व निर्माते एइजि आओनुमा यांनीं भूमि तीच ठेविली. वर आकाशांत बेटें आणि खालीं अंधारें पाताळ यांची भर घातली. कोड्यांचीं मंदिरें १२० होतीं, तीं १५२ झालीं. पण संख्या वाढविणें म्हणजे सुधारणा नव्हे. खरी सुधारणा शस्त्रांच्या बाबतींत दिसते. शस्त्रें आतांही मोडतातच. परंतु साध्या काठीस धोंडा जोडला कीं हातोडा होतो, राक्षसाचें शिंग जोडलें कीं तीच काठी प्रबळ होते. फळ्या, चाकें व पंखे जोडून होडी, गाडा किंवा उडतें यानही करतां येतें. परिचित नदी आतां 'ही कशी ओलांडशील?' असा नवाच प्रश्न घालते.

टीकाकारांस संतुष्ट करण्यासाठीं शस्त्रें अभंग करणें सोपें होतें. मग नवें कांहीं शोधण्याची गरजच कोणास वाटली असती? खेळणाऱ्यानें एकाच शस्त्रास चिकटून राहूं नये, हा मूळ हेतु कर्त्यांनीं जपला आणि जें उणें होतें, म्हणजे नवें घडविण्याचें साधन, तेवढें पुरविलें. अज्ञात प्रदेशाच्या प्रथम दर्शनाचा आनंद मात्र उत्तरभागास देतां येत नाहीं, हेंही खरें.

निबंध पुन्हां लिहावयास सांगितला, म्हणजे बहुतेक विद्यार्थी तो लांबवितात किंवा तांबड्या शाईचीं वाक्यें गाळून टाकतात. त्या वाक्यांतून आपणांस काय म्हणावयाचें होतें, हें पाहणारा विद्यार्थी विरळा. मुलें दुसरा खेळ मागतील तेव्हां नकार देण्यापूर्वीं त्यांसच विचारावें, "पहिल्याहून यांत अधिक काय, आणि तें कां?" उत्तर विचारपूर्वक आलें, तर त्यांची परीक्षकबुद्धि जागी आहे असें समजावें.